बोकास्तेलची रेड आणि व्हाइट: जेवायला काय करावं?

सायली_ल्यों
नमस्कार मंडळी,
आम्ही ल्योंला राहतो. पुढच्या महिन्यात घरी एक जेवण ठरलंय आणि त्यासाठी शातो द बोकास्तेल या फ्रेंच वाइनच्या दोन बाटल्या आणून ठेवल्यात. रेड २०१६ ची, व्हाइट २०२० ची. जेवायला नवऱ्याच्या ऑफिसातलं एक फ्रेंच जोडपं आणि साताऱ्याहून येणारे माझे आईबाबा. बाबांचा मटणावर जीव. आई शाकाहारी, वाइन घेणार नाही, पण तिच्या ताटातही सगळ्यांइतकंच मन लावून केलेलं काहीतरी हवं.

'रेडला मटण, व्हाइटला मासे' हा सरधोपट नियम या वाइनना लावू नये असं माझं मत आहे. यांची व्हाइट मी याआधी प्यायलेय, ती मुळीच हलकीफुलकी नाही. मध, बदाम, पिकल्या नासपतीचा वास आणि जिभेवर चांगली जाडसर. लिंबू पिळलेल्या माशाशेजारी ती सपक लागेल.

तर तुम्ही काय कराल? दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचं अस्सल जेवण की आपलं? की दोन्ही?

आडवाटेने
वाचतोय. चांगला धागा. जाणकार येतीलच.

द्राक्षबागाईत
सायलीताई, दोन्ही बाटल्या सुरेख निवडल्यात. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

दक्षिण रोन खोऱ्यात, आव्हिन्यों आणि ओरांज यांच्या मधे शातोनफ-द्यु-पाप हा वाइनचा मुलूख आहे. १३०९ ते १३७७ या काळात पोप रोमऐवजी आव्हिन्योंला राहत होते, त्यातल्या बाविसाव्या जॉननं इथे उन्हाळी किल्ला बांधून घेतला. बोकास्तेल या मुलुखाच्या उत्तर टोकाला, कुर्तेजों गावच्या हद्दीत येतं. बोकास्तेल नावाच्या कुटुंबानं इथे जमीन घेतल्याची नोंद १५४९ ची आहे. पुढे फिलॉक्झेरा किडीनं फ्रान्सभरच्या द्राक्षवेली खाल्ल्या, आणि १९०९ साली प्येर त्रामिए यांनी ही जागा विकत घेऊन बाग पुन्हा उभी केली. त्यांच्यानंतर जावई प्येर पेराँ, मग जाक पेराँ, मग त्यांची मुलं जाँ-प्येर आणि फ्राँस्वा. आता पाचवी पिढी काम बघते.

माझ्या दृष्टीनं या घराण्यातला सगळ्यात मोठा माणूस जाक पेराँ. सगळीकडे रासायनिक खतांचा आणि फवारण्यांचा जोर असताना, १९५० च्या दशकात त्यांनी ते बंद केलं. आणि रेडमध्ये मूर्वेद्र या द्राक्षाला मानाचं पान दिलं. या मुलुखात बाकी सगळीकडे ग्रनाशचं राज्य. ग्रनाश गोडसर, उष्ण, दारूचं प्रमाण जास्त, पण हवेला लवकर बिघडणारं. मूर्वेद्र उलट: काळं, तुरट, हवेपासून बचाव करणारं, आणि त्याला मांसाचा, चामड्याचा, जंगली झाडोऱ्याचा वास. दोन्ही साधारण ३०-३० टक्के. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. म्हणून बोकास्तेलची रेड इतकी वर्षं टिकते, आणि म्हणूनच तिला सावकाश शिजवलेलं मटण लागतं. झटपट भाजलेल्या लुसलुशीत तुकड्यापुढे ती दांडगाई करते.

पर्णिका
या मुलुखात म्हणे १३ जातींची द्राक्षं चालतात. बोकास्तेल खरंच सगळी वापरतात का, की नुसतं लेबलपुरतं?

द्राक्षबागाईत
पर्णिका, खरंच वापरतात, आणि तेरा जातींची बाग अजून राखणारी घरं तिथे फारच थोडी आहेत. ग्रनाश, मूर्वेद्र, सिरा, सिन्सो, कुनवाज, व्हाकारेज, तेरे नुआर, म्युस्कार्दां, पिकपूल, क्लेरेत, बूरबुलांक, रुसान आणि पिकार्दां. यातली शेवटची पाच पांढरी आहेत किंवा पांढऱ्यासाठी वापरतात, पण थोड्या प्रमाणात तीही रेडमध्ये पडतात. प्रत्येक जात वेगळी तोडायची, वेगळी आंबवायची, आणि सरतेशेवटी चाखत चाखत मिश्रण जुळवायचं.

आणखी एक खास गोष्ट. आंबवण्याआधी द्राक्षांची सालं अगदी थोडा वेळ ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून लगेच थंड करतात. हवेनं रस खराब करणारी विकरं त्यानं निकामी होतात आणि रंग चांगला उतरतो, त्यामुळे वाइन टिकवायला गंधक कमी लागतं. ही पद्धतही जाक पेराँ यांच्यामुळे तिथे रुळली. नंतर वाइन मोठ्या जुन्या ओक पिंपांत मुरते. मोठं पिंप म्हणजे लाकडाचा वास कमी, त्यामुळे ग्लासात व्हॅनिला नाकात जात नाही. जेवणाच्या दृष्टीनं हे फार सोयीचं.

आडवाटेने
शातोनफचं नाव निघालंय तर हे सांगायलाच हवं. १९५४ मध्ये तिथल्या महापौरांनी लेखी फर्मान काढलं की गावाच्या हद्दीवरून उडत्या तबकड्यांनी उडायचं नाही, उतरायचं नाही, आणि उतरलीच तर जप्त होईल. त्या वर्षी फ्रान्सभर तबकड्या दिसल्याच्या बातम्यांना ऊत आला होता. फर्मान अजून लागू आहे. सायलीताई, पाहुणे कुठल्या वाहनानं येतायत ते आधी बघून घ्या.

सायली_ल्यों
मेट्रोनं येतायत, जप्तीची भीती नाही :)

घाटावरचा
कोल्हापूरकर म्हणून स्पष्टच सांगतो. बाबांना मटण आवडतं म्हणून तांबडा रस्सा करू नका. आमच्या तांबड्यावर माझं प्रेम आहे, म्हणूनच सांगतोय. या रेडमध्ये १४ ते १५ टक्के दारू असते. तिखटानं जिभेवर जी आग पेटते ती दारूनं आणखी भडकते, आणि टॅनिन (रेडमधला तुरट घटक) तर तिखटावर नुसतं तुरट-कोरडं लागतं. तांबड्याचीही माती, वाइनचीही माती. तांबड्याबरोबर ताक प्यावं, सोलकढी प्यावी.

मी_सुगरण
घाटावरचा यांना शंभर टक्के अनुमोदन. लंडनला असताना आम्ही घरी बऱ्याच वाइन आपल्या जेवणासोबत लावून बघितल्या. त्यातून डोक्यात पक्कं बसलेलं लिहिते.

तिखटाइतकाच घातक गूळ. आपल्या आमटीत, भरल्या वांग्यात, चिंचगुळाच्या रश्शात गूळ असतो. जेवण वाइनपेक्षा गोड झालं की कोरडी वाइन आंबट आणि कडसर लागायला लागते. चिंच-कोकमाचं उलटं. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन मऊ पडते, आणि मुख्यतः रुसान द्राक्षाच्या, मुळातच कमी आम्ल असलेल्या बोकास्तेलसारख्या व्हाइटची तर चवच पुसली जाते. त्यामुळे बोकास्तेलच्या व्हाइटसोबत कोकम घातलेलं माशाचं कालवण मी कधीही वाढणार नाही.

मीठ आणि चरबी मात्र टॅनिनचे दोस्त. रेडचा एक घोट नुसता घ्या, मग मीठ लागलेला मटणाचा तुकडा खाऊन पुन्हा घ्या. दुसरा घोट कितीतरी मऊ लागतो.

आणि आता माझी शिफारस: पांढरा रस्सा आणि बोकास्तेलची व्हाइट. नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ, मटणाचा किंवा कोंबडीचा अर्क, मिरचीचा नुसता स्पर्श. रुसानमध्ये सुक्यामेव्याचा आणि मधाचा जो भाग आहे तो खसखस-काजूला जाऊन भिडतो. आंबटपणा दोघांतही नाही, त्यामुळे भांडण नाही. आलं-लसूण निम्मं करा, हिरवी मिरची अख्खी टाकून नंतर काढून घ्या.

कृष्णाकाठ
माफ करा, पण मला हे पटत नाही. पांढरा रस्सा वाटीतून प्यायचा असतो. पिण्याच्या पदार्थासोबत दुसरं पिण्याचं का? कुठल्याही वाइनला सारासोबत लावलं की दोन्ही द्रव एकमेकांवर पातळ होतात. तिकडचे लोकसुद्धा सूपच्या वेळी फारशी वाइन घेत नाहीत.

आणि एकूणच या जोड्यांचा बाऊ केला जातो. ज्याला जे आवडेल ते त्यानं खावं-प्यावं.

मी_सुगरण
कृष्णाकाठ, पहिला मुद्दा एकदम योग्य. म्हणून रस्सा आटवून अंगाबरोबर जाडसर करायचा आणि त्यात कोंबडीचे तुकडे ठेवून सोबत भात वाढायचा. सार राहत नाही, सॉस होतो.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र माझा विरोध आहे. आवड ज्याची त्याची हे खरं, पण मीठ टॅनिन मऊ करतं, तिखट दारूला भडकवतं, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर नाही, जिभेवर घडतं. इतकी मेहनत करून कुणी वाइन केली असेल तर ती ताटात नीट पोचवण्याची जबाबदारी आपली.

कृष्णाकाठ
सॉस केला तर माझी हरकत मागे. बाऊविषयी मात्र ठाम आहे.

बे_एरियातून
या धाग्यात एक कॅलिफोर्नियाचा दुवा जोडतो. पेराँ कुटुंब आणि त्यांचे अमेरिकेतले आयातदार रॉबर्ट हास यांनी मिळून १९८९ मध्ये पासो रोब्लेसला टॅब्लास क्रीक ही वाइनरी सुरू केली. चुनखडीची जमीन आणि भूमध्यसागरी हवामान शोधत ते तिथे पोचले. बोकास्तेलच्या बागेतल्या काड्या आणल्या, त्या आधी सरकारी विलगीकरणात राहिल्या आणि मगच लावल्या. तोपर्यंत अमेरिकेत कुनवाज, पिकपूल ही नावं फारशी कुणाला माहीत नव्हती. आज इतर अनेक बागा त्यांच्याकडूनच रोपं घेतात.

आम्ही सॅन होजेहून गाडीनं जातो तिकडे. त्यांची रुसान आणि मी_सुगरण यांनी सांगितलेला जाडसर पांढरा रस्सा हा बेत आमच्याकडे आता नक्की.

नाशिककर७
इथे भारतात बसून हे सगळं वाचणं म्हणजे... असो. बाटलीबंद वाइनवर केंद्राचं भरमसाठ आयातशुल्क भरलं, वर राज्याचे कर भरले की बोकास्तेलची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. याच चवीचं स्वस्तातलं काही आहे का?

द्राक्षबागाईत
नाशिककर, आहे. बोकास्तेलच्या पूर्वेला, ए-७ महामार्ग ओलांडला की त्यांचीच ३० हेक्टरची कुदुले नावाची बाग आहे. माती जवळपास तीच, पण शातोनफची हद्द महामार्गाशी संपते, म्हणून लेबलवर फक्त कोत-द्यु-रोन, म्हणजे रोन खोऱ्याचं सर्वसाधारण नाव. माणसंही तीच. कुदुलेच्या व्हाइटमध्ये व्हियोनिए, मार्सान, बूरबुलांक आणि क्लेरेत असतात, त्यामुळे ती जास्त फुलांच्या वासाची आणि ताजी लागते. माशाबरोबर खेळते तर ती.

त्याहून स्वस्तात त्यांचीच कोंबड्यांच्या चित्राची ला व्हिएय फेर्म. जाँ-प्येर पेराँ यांनी १९७० च्या सुमारास सुरू केलेली. रोजच्या जेवणाची साधी वाइन, पण तिच्याकडून बोकास्तेलची अपेक्षा करू नये.

जाता जाता, त्या हद्दीबद्दल. शातोनफचे नियम १९२३ मध्ये शातो फोर्तियाच्या बॅरन ल रुआ यांच्या पुढाकारानं लिहिले गेले. जिथे लव्हेंडर आणि थाइम उगवतं अशीच रुक्ष जमीन घ्यायची, खराब घड बाजूला काढायचे, दारूचं किमान प्रमाण ठरलेलं. १९३५ साली फ्रान्समध्ये भौगोलिक नामांकनाची सरकारी व्यवस्था आली आणि १९३६ मध्ये नामांकन मिळालेल्या अगदी पहिल्या तुकडीत शातोनफ होतं. आजही हेक्टरी ३५ हेक्टोलिटर (३,५०० लिटर) वाइनची मर्यादा आहे. बाग जास्त पिकवायची नाही, हे आपल्याकडच्या बागाईतदाराला ऐकायलाही जड जातं.

पर्णिका
शाकाहारी ताटाबद्दल कुणीच बोललं नाही. सायलीताईच्या आईचं काय?

प्रोव्हान्समध्ये शाकाहारी जेवण उत्तम होतं. रातातुई (वांगी-टोमॅटो वगैरेंची मिश्र भाजी) सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात टोमॅटोचा आंबटपणा जास्त, त्यामुळे या व्हाइटशेजारी मी ते नाही ठेवणार. त्यापेक्षा मशरूम. सुकी सेप मशरूम भिजवून, साधी बटन मशरूम चांगली लालसर परतून, दोन्ही साय आणि थोड्या जायफळात. भाताबरोबर किंवा पावाबरोबर. ही एकच भाजी आईंच्या ताटातही मुख्य आणि बाकीच्यांना व्हाइटसोबत. वेगळं 'शाकाहारींसाठी' म्हणून काही करायलाच नको.

हिवाळ्यात असता तर ट्रफल सांगितलं असतं. रिशरांश गावात नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत दर शनिवारी काळ्या ट्रफलचा बाजार भरतो. अंड्याच्या मंद शिजवलेल्या भुर्जीत ट्रफल किसून घालतात. जुन्या रुसानसोबत त्याला तोड नाही. पण आई अंडी खातात का ते विचारून घ्या.

सायली_ल्यों
पर्णिका, आई अंडी खात नाही. पण मशरूमची कल्पना मनापासून आवडली, आणि 'वेगळं काही नको' हे तर फारच. ती दर वेळी आपल्यामुळे दुसऱ्यांची धावपळ होते म्हणून अवघडते.

आता दोन प्रश्न. रेड आधी उघडून ठेवू का? आणि व्हाइट फ्रिजमधून काढल्या काढल्या द्यायची का? एका फ्रेंच मैत्रिणीनं सांगितलं की ही व्हाइट एक तर तरुणपणी प्यावी, नाहीतर दहा-बारा वर्षांनी, मधल्या काळात ती रुसते. २०२० ची कुठे बसते?

द्राक्षबागाईत
मैत्रीण बरोबर सांगते. रुसान पहिली काही वर्षं खुललेली असते, मग मिटते, आणि बऱ्याच वर्षांनी अक्रोड, मेण, मधाच्या अंगानं पुन्हा उघडते. पेराँ मंडळीही त्यांच्या व्हाइटबद्दल असंच सांगतात. २०२० ची मिटण्याच्या वयात असू शकते. म्हणून तिला डिकँट करा (दुसऱ्या भांड्यात ओतून हवा लागू द्या), हो, व्हाइटसुद्धा. आणि फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. १२ अंशांच्या आसपास प्या. बर्फगार दिलीत तर वास गोठतो आणि नुसता ओकचा कडसरपणा उरतो.

या व्हाइटमध्ये सुमारे ८० टक्के रुसान, बाकी ग्रनाश ब्लाँ वगैरे. त्यांची दुसरी एक व्हाइट निव्वळ जुन्या वेलींच्या रुसानची असते, ती हाती लागली तर ठेवून द्या.

रेड २०१६ ची ताकदीची आहे. दोन तास डिकँटरमध्ये. आणि उन्हाळा असेल तर पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये टाका, १६-१७ अंश हवेत. 'रूम टेंपरेचर' म्हणजे जून महिन्यातली ल्योंची खोली नव्हे.

आडवाटेने
रेड उघडल्यावर गोठ्यासारखा वास आला तर? मी एका जुन्या शातोनफमध्ये हा वास घेतलाय आणि मला तो आवडला.

द्राक्षबागाईत
थोडा तर मूर्वेद्रचाच असतो, हवा लागली की बसतो. जास्त असेल तर ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. १९८९-९० च्या काळातल्या बोकास्तेलवर यावरून जगभर वाद झाले, एकाला तो दोष वाटायचा, दुसऱ्याला तीच ओळख. अलीकडच्या बाटल्या त्या मानानं बऱ्याच स्वच्छ आहेत.

घाटावरचा
आता बाबांच्या मटणाकडे या. तांबडा नको म्हटलं म्हणजे मटणच नको असं नाही. प्रोव्हान्समध्ये 'दोब' करतात: बीफ किंवा मटण रेड वाइनमध्ये रात्रभर मुरवायचं, मग कांदा, गाजर, तमालपत्र, थाइम, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, काळी ऑलिव्ह घालून तीन-चार तास मंद आचेवर. कामार्गच्या दलदलीत बैलाच्या मांसाचा असाच प्रकार करून तिथल्याच भातासोबत खातात, त्याला गार्दियान म्हणतात. सातारच्या माणसाला यात अनोळखी काही वाटणार नाही: हाडासकट मटण, मंद आच, भात.

फक्त मुरवायला महागाची वाइन घालू नका, व्हिएय फेर्म पुरे. आणि सातारी हात म्हणून काळा मसाला घालायचाच असेल तर अगदी चमचाभर, शेवटी. लवंग, दालचिनी, दगडफूल सिराच्या मिरीसारख्या वासाशी जुळतं. लाल तिखट शून्य.

मी_सुगरण
दगडफूल आणि सिरा! घाटावरचे, हे मला कधी सुचलं नव्हतं, या आठवड्यात करून बघते.

चीजबद्दल एक. फ्रेंच पाहुणे आहेत म्हणजे चीज येणारच. रेड राखून ठेवून तिच्यासोबत ब्री वगैरे मऊ चीज देऊ नका, टॅनिन धातूसारखं लागतं. उलट व्हाइटच थोडी शिल्लक ठेवा आणि मुरलेलं कोंते (गाईच्या दुधाचं कडक चीज) किंवा बानों द्या. बानों म्हणजे प्रोव्हान्समधलं चेस्टनटच्या पानांत बांधलेलं बकरीच्या दुधाचं चीज. फक्त आईंना देण्याआधी एक बघा: बानों, कोंते दोन्ही रेनेटवर, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणावर होतात.

सायली_ल्यों
रेनेटचं बरं झालं आठवण केलीत. आईसाठी घरचं पनीर आणि अक्रोड ठेवते.

तर बेत असा:
सुरुवातीला ऑलिव्हची चटणी आणि पाव. आईसाठीही तीच, अँकोव्ही (खारवलेले छोटे मासे) न घालता.
मग व्हाइट, सोबत मशरूमची सायीतली भाजी सगळ्यांना, आणि आटवलेला पांढरा रस्सा कोंबडीचा.
मग रेड, सोबत मटणाचा दोब, शेवटी चमचाभर काळा मसाला, आणि कामार्गचा भात. आईला याच वेळी भाजलेल्या वांग्याचं भरीत, लसूण आणि ऑलिव्ह तेलातलं, चिंचगूळ नाही.
मग कोंते, उरलेली व्हाइट.
गोडाला काव्हायोंचं खरबूज मिळालं तर तेच, नाहीतर बाबांच्या हट्टाखातर श्रीखंड.

कृष्णाकाठ
श्रीखंडाबरोबर मात्र कुठलीही वाइन लावायला जाऊ नका, कृपा करून.

द्राक्षबागाईत
याला माझं अनुमोदन. बेत झकास. एकच बदल: भरितात कच्चा लसूण नको, भाजलेला घाला, कच्चा लसूण रेडला खातो. आणि दोब आदल्या दिवशी करून ठेवा, मुरल्यावर चव चढते.

घाटावरचा
आणि दोबची हाडं बाबांना. पाहुण्यांना मऊ तुकडे.